माळवदाचं वय, उजनीचं पाणी

माळवदाच्या घराचं वय कसं काढायचं? करमाळा, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या गावठाणात जाड भिंतींची, सपाट मातीच्या धाब्याची घरं अजून उभी आहेत. ती बांधताना कुणी परवाना काढला नव्हता. पण ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराचं वय लागतंच, कारण घरपट्टी त्यावर ठरते. मग पंचायतीचा माणूस ओट्यावर टेकतो आणि घरातल्या म्हातारीला विचारतो, "आज्जी, हे घर कधीचं?" सन कुणी सांगत नाही. "बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली", असं उत्तर येतं. किंवा "किल्लारीचा भूकंप झाला तवा मागची खोली नवीच होती". टेपचं दुसरं टोक धरून उभं असलेलं पोरगं वहीत लिहितं, १९७१. पुढच्या घराला, १९९३.

हे पोरगं पंचायतीत नोकरीला नाही. ते तिथे काम शिकायला आलं आहे. ते जे शिकतंय त्याइतकं चकित करणारं शिक्षण सध्या दुसरीकडे क्वचितच मिळत असेल, असं मला मनापासून वाटतं.

९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. आठच दिवसांनी आषाढी एकादशी आली आणि १७ जुलैला पंढरपुरात तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तिची माहिती जाहीरपणे दिली. तेव्हापासून लोकांच्या तोंडी 'लाडका भाऊ' हेच नाव बसलं. वय १८ ते ३५. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये विद्यावेतन, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. मुदत आधी सहा महिने होती, ती पाच महिन्यांनी वाढून ११ महिने झाली. खासगी उद्योगांची दारंही या योजनेत उघडी होती, पण मला कुतूहल वाटतं ते जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, महापालिका आणि ग्रामपंचायतीत जाऊन बसलेल्या मुलामुलींचं.

रीत तशी जुनीच. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत जागा रिकामी होईपर्यंत कारकुनाच्या शेजारी बसून, नकला करत, बिनपगारी उमेदवारी करणारे तरुण असायचे. हस्ताक्षर वळणावर आलं, हिशेब चोख झाला, साहेबाची मर्जी बसली, की मग पगार. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांबरोबर स्थानिक संस्थांचीही दारं आयटीआयच्या मुलांना उघडली. तारतंत्री, जोडारी शिकलेला मुलगा पथदिव्यांच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या खात्यात वर्षभर हात काळे करून बाहेर पडू लागला. आता टेबलावरच्या कामालाही तसंच शिक्षण मिळू लागलं, एवढाच फरक.

तर आधी ग्रामपंचायत.

नव्याने आलेल्याचा पहिला गोंधळ होतो तो दोन आठांचा. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, 'आठ अ' असतो. तो खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा. ग्रामपंचायतीकडे 'नमुना ८' असतो. तो घरांचा. एक महसूल खात्याचा, दुसरा जिल्हा परिषदेच्या अंगाचा. कागद वेगळा, कार्यालय वेगळं, साहेब वेगळा, आणि गावकरी मात्र दोन्हीला "आठचा उतारा" म्हणत दारात उभा. त्याला नेमका कोणता हवा आहे हे दोन प्रश्नांत ओळखता आलं, की प्रशिक्षणार्थी निम्मा तयार झाला म्हणायचं. घरकुलाचा हप्ता, बँकेचं कर्ज, विजेचं मीटर, या सगळ्यांच्या आधी हा प्रश्न उभा असतो.

ग्रामपंचायतीचं सगळं दप्तर ३३ नमुन्यांत मावतं. पहिला नमुना अर्थसंकल्पाचा. पाचवा रोकडवहीचा. आठवा कर आकारणीचा, नववा मागणीचा, दहावा पावतीचा. हे तीन एकमेकांना साखळीने बांधलेले आहेत, एकात खाडाखोड झाली की दुसरा बोंब मारतो. पुढे नमुना २३ मध्ये गावाच्या ताब्यातले रस्ते, २४ मध्ये जमिनी. आणि सगळ्यांत शेवटचा, ३३ वा, वृक्षांचा. गावच्या हद्दीतल्या पंचायतीच्या झाडांची नोंदवही! चिंच, लिंब, वड, सगळे सरकारी रकान्यांत. मी पहिल्यांदा ही यादी शेवटपर्यंत वाचली तेव्हा बराच वेळ त्या नमुन्यावर थांबलो होतो. अर्थसंकल्पापासून निघालेली यादी झाडापाशी पोहोचते, आणि दोन्हींचा हिशेब एकाच खोलीतला एकच माणूस ठेवतो. पूर्वीचा ग्रामसेवक, २०२४ पासूनचा ग्रामपंचायत अधिकारी.

आता आज्जीच्या उत्तराकडे. ३१ डिसेंबर २०१५ च्या नियम दुरुस्तीपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. क्षेत्रफळाला जमिनीच्या दराने गुणायचं. मग क्षेत्रफळाला बांधकामाच्या दराने आणि घसाऱ्याने गुणायचं. दोन्हींची बेरीज करून तिला वापराचा भारांक लावायचा, राहत्या घराला १, दुकानाला त्याहून जास्त. आलेल्या मूल्यावर दर हजारी काही पैसे, ही पट्टी. समजण्यापुरते आकडे घेऊ. घर ५० चौरस मीटर, जमिनीचा दर ४००, मातीच्या बांधकामाचा ६,०००, घसारा ०.४०. जमिनीचे २०,००० आणि बांधकामाचे १,२०,००० मिळून १,४०,०००. दर हजारी ५० पैशांनी पट्टी ७० रुपये. आज्जीने घर दहा-बारा वर्षं अलीकडचं सांगितलं आणि घसारा ०.५० धरला, तर मूल्य १,७०,००० आणि पट्टी ८५. तिच्या आठवणीची किंमत १५ रुपये. हजार उंबऱ्यांच्या गावात अशा १५ रुपयांचे १५,००० होतात, आणि तेवढ्यात बऱ्याच खांबांवरचे दिवे लागतात. कर बसवणं म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचून कळत नाही असं मी म्हणणार नाही. पण ओट्यावर बसून एकदा बसवला की विसरत नाही.

दुसरी शाळा अभिलेख कक्षात भरते. तिथे धूळ आहे, वाळवीचा वास आहे, आणि कापडात बांधलेले गठ्ठे आहेत. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची घडी बसवली. ती राज्यभर 'लखिना पॅटर्न' म्हणून गाजली, आणि महाराष्ट्रातल्या कचेऱ्या आजही त्या वळणावर चालतात. प्रत्येक कारकुनाच्या मागे सहा गठ्ठे. हातातली प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडायची आणि नष्ट करायची. मग कक्षात गेलेल्या कागदांचे वर्ग. 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' दहा वर्षांचा, 'ड' वर्षभराचा. कोणता कागद किती जगणार हे रोज कुणीतरी बसून ठरवत असतं. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला पहिल्या महिन्यात हे काम मिळतं आणि बहुतेकींना ते कंटाळवाणं वाटतं. साहजिक आहे.

पण २०२३ साली काय झालं ते आठवा. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले अभिलेख कक्ष उघडले गेले. सर्वांत जास्त हात लागले ते गाव नमुना १४ ला, ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात. गावच्या कोतवालाने सांगितलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी: अमक्याला मुलगा झाला, तमक्याची म्हातारी गेली, जात अमुक. कित्येक पानं मोडीत. मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. ज्याने ती ओळ लिहिली त्याने रोजचं काम म्हणून लिहिली होती, कुणाच्या पणतूला दाखला मिळावा म्हणून नव्हे. सत्तर-ऐंशी वर्षांनी त्या एका ओळीवर एखाद्या घराण्याच्या चार पिढ्यांचे दाखले निघाले. 'अ' गठ्ठ्यात काय बांधायचं हे शिकणाऱ्या मुलीने हे एकदा डोळ्यांनी पाहावं. पुढे तिला कंटाळा आला तरी ती गाठ सैल बांधणार नाही.

सोलापूर शहरात आलं की हेच काम चार भाषांत होतं.

सोलापूरची नगरपालिका १८५२ ची, महापालिका १९६४ ची. अप्पासाहेब वारद यांनी बांधलेली 'इंद्रभुवन' ही देखणी वास्तू तिच्या आवारात उभी आहे, कोरीव दगडाच्या खिडक्यांसह. शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख. पूर्व भागात तेलुगू, पेठांतून कन्नड, नई जिंदगीकडे उर्दू, आणि सगळ्यांना जोडणारी सोलापुरी मराठी. जन्ममृत्यू विभागाच्या खिडकीवर बसणाऱ्याचा कान इथे फार लवकर तयार होतो. एकाच माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर मल्लिनाथ, रेशनकार्डावर मल्लप्पा, आणि घरात मल्लू. तेलुगू घराण्याच्या आडनावात एक 'ल' की दोन, शेवटी 'म' की अनुस्वार, हे अर्जदाराला विचारावं तर तोच म्हणतो, "तुमी कसं लिव्हता तसं लिवा." आणि तिथेच थांबायला शिकावं लागतं. कारण आपण लिहू तसंच ते पुढे आयुष्यभर राहणार.

१९६९ च्या कायद्याने जन्म २१ दिवसांत नोंदवायचा. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यापुढे जन्मलेल्यांसाठी हा दाखला शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा ठरला. म्हणजे त्या खिडकीवरच्या एका वेलांटीचं वजन वाढलं. विडी वळून दुपारी नातवाचा दाखला न्यायला आलेली बाई खिडकीपाशी उभी असते, तिची मजुरी बुडत असते, आणि अक्षर पुन्हा एकदा तपासायचं असतं. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणं हीच त्या खिडकीची परीक्षा.

आणि मग पाणी. सोलापुरात पाण्याखेरीज काही समजावून सांगता येत नाही.

माढा तालुक्यात भीमेवर उजनी धरण आहे, १९८० मध्ये पूर्ण झालेलं. साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे इतके अब्ज घनफूट. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी दरवाजांच्या खालचं, मृतसाठ्यातलं. म्हणूनच आमच्याकडे उन्हाळ्यात रोजची बातमी असते, "उजनी मायनसमध्ये गेली." शहराला पाणी येतं ते तीन वाटांनी. उजनीवरून शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनीने, एकरुख म्हणजे हिप्परग्याच्या इंग्रजकालीन तलावातून, आणि तिसरी वाट नदीची. या तिसऱ्या वाटेबद्दल बाहेरच्यांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडतात. ते पंढरपुरात चंद्रभागा होतं, मंगळवेढ्याच्या बाजूने उतरतं, आणि आठ-दहा दिवसांनी कर्नाटकच्या सीमेवरच्या औज बंधाऱ्यात पोहोचतं. तिथून टाकळीला उपसा. वाळूने प्यायचं ते पितं, उन्हाने न्यायचं ते जातं. वाटेत कुणी उपसू नये म्हणून नदीकाठच्या कृषिपंपांची वीज तोडायची वेळही येते. शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी सोडावं तेव्हा गरजेइतकं पोहोचतं.

पाणीपुरवठ्याच्या टेबलावर बसलेल्या प्रशिक्षणार्थ्याला ही नदी कागदावर भेटते. जलसंपदा खात्याला मागणीपत्र. कालवा सल्लागार समितीत ठरलेलं आवर्तन. बंधाऱ्यातली पातळी, रोजच्या रोज. आणि त्याचा शेवट कुठल्या तरी बोळात, लोखंडी चावी घेऊन रस्त्यावर वाकलेल्या चावीवाल्यापाशी. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं, काही दिवसांआड असतं. मंगळवार पेठेला कधी, साखर पेठेला कधी, जुळे सोलापूरला कधी, हद्दवाढ भागातल्या शेपटाकडच्या वस्तीला किती दाब राहील, किती फेरे चावी फिरवली की चढावरच्या घराची हंडी भरते, हे चावीवाल्याला ठाऊक असतं. जुन्या पेठांतलं हे ज्ञान पुष्कळसं त्याच्या मनगटात आहे. तो निवृत्त झाला की ते जाईल. त्याच्या मागे वही घेऊन आठ दिवस फिरलेला एखादा शिकाऊ मुलगा ते कागदावर उतरवू शकतो. महापालिकेने प्रशिक्षणार्थ्यांना दुसरं कोणतंही काम न देता एवढंच दिलं, तरी त्या विद्यावेतनाचं सोनं होईल.

हे सगळं ज्या एका कलेवर चालतं ती म्हणजे टिप्पणी लिहिणं. गल्लीतला दिवा बंद आहे, असा अर्ज आला. बारनिशीत नोंद होते, त्याला आवक क्रमांक मिळतो. तो संबंधित कारकुनाच्या कार्यविवरण नोंदवहीत चढतो. मग कोऱ्या पानावर: विषय, संदर्भ, वस्तुस्थिती काय, नियम काय सांगतो, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, आणि शेवटी "मान्यतेस्तव सादर". कारकुनाकडून अधीक्षकाकडे, तिथून अधिकाऱ्याकडे. प्रत्येक जण समासात आपलं मत लिहितो आणि सही करतो. कुणाला मत बदलायचं असेल तरी आधीचं पान फाडता येत नाही, खाली नवीन लिहावं लागतं. वाचता येत असेल तर एका फाइलीत गावातलं अख्खं भांडण वाचता येतं, कोण कुठे थांबला, कुणी पैसे नाहीत म्हटलं, कुणी रात्री जाऊन खांब पाहून आला. प्रशिक्षणार्थ्याला सहीचा अधिकार नाही. मसुदा मात्र त्याने लिहिलेला चालतो. चांगला अव्वल कारकून तो मसुदा दोनदा परत करतो, लाल रेघा मारतो, "वस्तुस्थिती कुठाय? तू जाऊन पाहिलास का?" असं विचारतो. ज्याला असा माणूस भेटला त्याचं भाग्य. ज्याला ११ महिने झेरॉक्सच्या मशीनपाशी उभं केलं त्याचं नुकसान झालं, आणि अशी मुलं थोडीथोडकी नाहीत.

अशा शिक्षणाची कल्पनाही जुनीच. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनने १८ मे १८८२ च्या ठरावात स्थानिक स्वराज्याचा हेतूच असा मांडला होता की नगरपालिका हे आधी लोकांच्या राजकीय शिक्षणाचं साधन आहे, कारभार सुधारणं त्यानंतर. सरकारला एक उमेदवारीची शाळा हवी होती. सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी ४८ वर्षांत ती पूर्ण केली. ६ एप्रिल १९३० ला, गांधीजींनी दांडीला मीठ उचललं त्याच दिवशी, अण्णासाहेब भोपटकर यांनी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढवला. पुढच्याच महिन्यात शहरात लष्करी कायदा आला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. आज चार हुतात्मा चौकातून महापालिकेत कामाला जाणाऱ्या मुलांनी ही तारीख ओलांडून जाऊ नये असं मला फार वाटतं. पालिकेत बसून दिव्याची टिप्पणी लिहायला मिळणं, हे कुणीतरी मिळवून दिलेलं आहे.

या ११ महिन्यांनी कायम नोकरी मिळत नाही, हे स्पष्ट आहे. त्यावरून मोर्चेही निघाले, आणि पगारी कामाची आस लागलेल्या मुलांचं म्हणणं चुकीचं नाही. पण पुढे जायच्या वाटा आहेत. मुंबईत १९२६ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था नगरपालिकेच्या कामाचे अभ्यासक्रम चालवते. तिथली 'एलएसजीडी' ही पदविका केलेला कारकून पालिकांत मानाने ओळखला जातो. जिल्हा परिषदेची भरती असते, लोकसेवा आयोग असतो. आणि नोकरीबाहेरचीही एक वाट आहे जी मला सर्वांत जास्त मोलाची वाटते. नमुना ८ वाचता येणारी, टिप्पणी समजणारी मुलगी ग्रामसभेत सरपंचासमोर बसली, तर पाच मिनिटांत खर्चाचं पान उघडून दाखवायला लावते. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास भरतात. सोलापूर जिल्ह्यात हजाराच्या घरात ग्रामपंचायती आहेत. पुढच्या सभेला जाल तेव्हा नमुना ३३ मागा, आणि वहीतली झाडं गावात उभी आहेत का ते फिरून मोजा.